मदत हवी आहे: फेरीबोटीच्या रांगेत गाडी चालूच होईना

गुहागरवासी: दापोलीला निघालो होतो. धोपाव्याच्या जेट्टीवर रांगेत गाडी आपोआप बंद झाली, ते नेहमीचंच, स्टार्ट-स्टॉप सिस्टीम आहे: थांबलं की इंजिन बंद, क्लच दाबला की चालू. पुढची गाडी बोटीत चढली, मी क्लच दाबला, तर इंजिन ढिम्म. मागे हॉर्नवर हॉर्न, बोटीवरचा माणूस हात करतोय, मागच्या सीटवर आई घाबरलेली. ही सिस्टीम कायमची काढून कशी टाकायची? रविवारी परत तीच फेरी आहे, लवकर सांगा.

घाटवाट: पेट्रोल की डिझेल? बॅटरी किती जुनी? शेवटी चालू कशी केलीत?

गुहागरवासी: किल्लीने. लगेच झाली. बॅटरीचा काय संबंध?

नारळीपोफळी: काढायच्या भानगडीत पडू नका. गोल बाणात ‘ए’ असलेलं बटण दाबा, सिस्टीम तेवढ्यापुरती बंद. दरवेळी गाडी चालू केली की पुन्हा दाबायचं, एवढंच.

खारवारा: बटण दाबून दुखणं जात नाही! बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे तारा जोडतात ती टोकं, बघा. आमचं घर समुद्राला लागून, टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरतेच. बॅटरी सोडवून गरम पाणी, ब्रश, वरून पेट्रोलियम जेली. आणि या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएमच बॅटरी लागते, सारखं चालू-बंद सोसणारी. स्वस्तातली साधी बसवली असेल तर ती लवकर जाणार.

घाटवाट: बॅटरीच गेली असती तर किल्लीनेही कुरकुरली असती ना? गुहागरवासी, रांगेत खाली उतरला होतात का?

मत्स्यप्रेमी: फेरी हवीच कशाला, चिपळूणवरून जा. आणि दापोलीला जाताच आहात तर संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा.

नारळीपोफळी: चिपळूणवरून? एवढा वळसा घालायला डिझेल काय फुकट मिळतं?

गुहागरवासी: उतरलो नाही. तिकिटाला मागच्या खिशातून पाकीट काढायचं होतं, बेल्ट तेवढा सोडला.

घाटवाट: हे आधी सांगायचं! बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत बेल्ट सोडला किंवा दार उघडलं की ड्रायव्हर जागेवर नाही असं गाडी धरते. मग नुसत्या क्लचवर उठत नाही, किल्लीच फिरवावी लागते. तो बिघाड नाही, सुरक्षेसाठी आहे.

खारवारा: तरी टर्मिनल बघाच.

गुहागरवासी: वेळणेश्वरपर्यंत जाऊन इंजिन तापवलं, म्हणजे ते आपोआप बंद होईल, आणि अंगणात दोन्ही करून बघितलं. बेल्ट लावलेला, क्लच दाबला की चालू. बेल्ट सोडला की ढिम्म. आईला शेजारी बसवून दाखवलं. रविवारी जेट्टीवर पोचलो की आधी बटण दाबणार. आणि खारवारा, बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर पांढरं धरलंय खरं, पाणी तापत ठेवलंय.