सरळ ओटा की यू आकार?
भाऊ, शिडाच्या बोटीतल्या स्वयंपाकघरात एका बाजूला सरळ ओटा घेतला की केबिन मोकळी वाटते म्हणता. बंदरात वाटते, बरोबर. पण शिडाची बोट तासन्‌तास एका कुशीवर कलून चालते, तेव्हा सरळ ओट्यासमोरचा माणूस मागं घरंगळतो. यू आकारात तिन्ही बाजूंनी ओटा, म्हणून कंबर टेकता येते.

मी यवतमाळकडच्या खेड्यातला, पण तीन हंगाम अशा बोटीवर रांधलं. आमची आजी चुलीपुढं पाटावर बसली की तिखटमिठाचा डबा, परात, फुंकणी सगळं हाताशी. बोटीतही तेच पाहा.

शेगडी झुलतीच घ्या, म्हणजे बोट कलली तरी ती सपाट राहते, अन् भांडी अडवायच्या दांड्यांसकट. एकदा मी झुला अडकवून ठेवणारी खिटी काढायला विसरलो अन् फोडणीचं वरण थेट माझ्या अंथरुणात! आठवडाभर हिंगाचा वास.

सिंक खोल आणि बोटीच्या मध्यरेषेजवळ हवं, कडेला असलं तर बोट कलल्यावर नळीतून समुद्राचं पाणी वर येतं. फ्रीज वरून उघडणारा बरा, थंड हवा सांडत नाही. आणि सिलिंडर आत नकोच बाप्पा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. त्याला वेगळा बंद कप्पा, तळाच्या भोकातून गॅस थेट बोटीबाहेर जाईल असा.

तुमची बोट किती फुटी?