मदत हवी आहे: चंद्राच्या पलीकडच्या बाजूलाही भरती का येते?

मुलगी नववीत आहे. काल भरती-ओहोटीचा धडा वाचताना तिने विचारलं, "बाबा, चंद्र पाणी ओढतो म्हणून त्याच्या बाजूला फुगवटा येतो, हे कळलं. पण पाठीमागच्या बाजूला का? तिथलं पाणी तर उलट दबायला हवं."

पुस्तकात 'केंद्रोत्सारी बलामुळे' एवढ्यावर उरकलंय. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, "मग पाणी विषुववृत्तावर सगळीकडे सारखंच फुगेल ना?" बरोबर आहे तिचं.

रात्री आकडे मांडून बसलो. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी दूर, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. म्हणजे केंद्राच्या मानाने चंद्रासमोरची बाजू सुमारे एक साठांश जवळ, मागची तितकीच लांब. ओढ समोर साधारण ३.४ टक्के जास्त भरते, मागे ३.२ टक्के कमी. इथे अडकलो. कमी असली तरी ओढ चंद्राकडेच आहे, मग पाणी उलट्या दिशेला कसं जातं?

शिवाय सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास १८० पट जोराने ओढतो, तरी त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून कमी! सूत्र पाठ करून घ्यायचं नाहीये, तिला पटायला हवं. कुणी शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

तुम्ही उत्तराच्या दारात आहात. फक्त पृथ्वी जागेवर खिळलेली आहे असं धरू नका, तीही चंद्राकडे ओढली जातेय. तिघं एका रांगेत धावताहेत असं समजा: पुढचा वेगात, मधला बेताने, मागचा सावकाश. तिघांची दिशा एकच, तरी मधल्याला दिसतं की पुढचा पुढे निघाला आणि मागचा मागे पडला. मधला म्हणजे पृथ्वीचं केंद्र. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे.

सूर्याचंही यातच सुटतं. तो चंद्राच्या सुमारे ३९० पट लांब आहे. तिथून पृथ्वीची अलीकडची-पलीकडची बाजू जवळपास सारखीच, म्हणून ओढ प्रचंड पण फरक थोडा. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, हा फरक घनाने.

एक मात्र आवर्जून सांगा: चंद्र पाणी वर उचलत नाही. हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक कोटीवा भाग आहे. आजूबाजूच्या विस्तीर्ण समुद्रातलं पाणी आडवं सरकत येतं आणि तिथे साचतं. पुस्तकातल्या आकृतीत हे दिसतच नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! धावणाऱ्यांची रांग तिला लगेच पटली. मग पुढचा प्रश्न आला: दोन भरतींमध्ये १२ तासांऐवजी १२ तास २५ मिनिटं का? हे मला सांगता आलं. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला रोज सुमारे ५० मिनिटं जादा लागतात, त्यातली निम्मी एका भरतीच्या वाट्याला.