पंगसचं मांस पिवळं निघतं, फिलेटवाला भाव पाडतो

शेततळं_पवनी: अस्तर टाकलेलं शेततळं, ३० बाय ३० मीटर. खाद्य म्हणजे मक्याचा भरडा, कोंडा आणि सोयाबीन ढेप. पंगस मासे किलो-सव्वा किलोचे झालेत. गावच्या बाजारात अख्खा मासा खपतो, पण नागपूरला फिलेट (बिनकाट्याचे मांसाचे काप) घेणारा पिवळं मांस पाहून भाव तोडतो. मासोळी खराब आहे काय जी?

धानपट्टा: खराब नाही, खायला काही धोका नाही. रंग ल्युटीन आणि झियाझँथिनचा. दोन्ही पिवळ्या मक्यात असतात, हिरव्या पाण्यातल्या शेवाळातही, आणि पंगसच्या मांसात-चरबीत साठतात. मका बंद करा, त्याजागी तांदळाची कणी शिजवून द्या. भंडाऱ्यात कणीला काय तोटा! ढेप तशीच ठेवा. तयार खाद्य घेणार असाल तर पोत्यावर मका ग्लुटेन लिहिलंय का ते आधी पाहा, त्यात हा रंग भरड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

तळ्याकाठी: नुसता मका थांबवून भागणार नाही. पाण्यात हात घाला. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त आहे. कोंबडखत, शेणखत बंद. तळाचं पाणी मोटरीनं काढून धानाला द्या, थोडं थोडं नवीन भरा. मोरचूद एकदम टाकू नका: शेवाळ एकाच वेळी मरून सडतं, ऑक्सिजन संपतो. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून तगतो, सोबतचे रोहू-कटला जातात. व्हिएतनाममध्ये मेकाँगकाठची तळी खोल असतात, नदीचं पाणी सतत बदलतात. पांढरं फिलेट त्यांना म्हणून जमतं.

शेततळं_पवनी: फरक किती दिवसांत?

तळ्याकाठी: आठवड्यात नाही. महिना-दोन महिने धरा. दर पंधरवड्याला दोन-तीन मासे कापून उन्हात नाही, सावलीच्या उजेडात पाहा.

बर्फपेटी: गुलाबी किंवा लाल डाग वेगळे, ते रक्ताचे. मासा जिवंत असतानाच कल्ले कापा, १५-२० मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग सोला. पोत्यात कोंबून आणला की मार लागतो, डाग पडतात. पोटाची चरबी पिवळी आणि खवट वास येत असेल, तर तो साठवणुकीचा दोष. तो माल विकू नका.

धानपट्टा: आणि हिशोब करा. बाजारात मासा हळद-तिखटात जातो, रंग कोण पाहतो? फिलेटचा माल थोडाच असेल तर तेवढ्यापुरते मासे जाळीत वेगळे ठेवून कणीवर वाढवा. अख्ख्या तळ्याचं खाद्य बदलायचा खर्च कशाला?