रात्री घरात चोर शिरला तर गोळी घालता येते का?

सत्तरीकर:
आमचं घर वाळपईपासून आत, शेजाऱ्याला हाक मारली तर ऐकू जाणार नाही अशा जागी. बाबांकडे शेतरक्षणाच्या परवान्याची बाराबोर बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनवर जमा करायची आणि नंतर परत आणायची, एवढाच तिचा उपयोग. परवा रात्री मागच्या पडवीची कौलं सरकवून कुणीतरी आत उतरायला बघत होता. कुत्रा भुंकला, तसा पळाला. तेव्हापासून बाबांचं एकच: "परत आला तर घालतोच गोळी. रात्री घरात शिरलेल्याला मारलं तर केस होत नाही." हे खरं का? आणि काजूच्या बिया चोरणाऱ्यांचं काय?

पेडणेकर_दादा:
खुशाल घालायची. मेलेला चोर साक्षीला येत नाही.

डिचोलीचा वकील:
दादा, साक्षीला शवविच्छेदन अहवाल येतो. छर्रे छातीत लागले की पाठीत, हे त्यात लिहिलेलं असतं आणि सरकारी वकील तेच पान आधी उघडतो.

सत्तरीकर, केस होणारच. पंचनामा, बंदूक जप्त, बहुधा अटकही. स्वसंरक्षण हा कोर्टात मांडायचा बचाव आहे आणि तो दाखवायचं ओझं आरोपीवर. मात्र तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, तसं घडल्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरतं.

1 जुलै 2024 पासून यासाठी भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं बघायची. समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा स्वसंरक्षणाचा हक्क कधी जातो, ते त्यातल्या दोन कलमांत. 38 शरीराबद्दल: जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला वगैरे. 41 मालमत्तेबद्दल. त्यात जबरी चोरी आहे, राहत्या घराला आग लावणं आहे आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडीही आहे. कौलं काढून आत उतरणं म्हणजे घरफोडीच. तेव्हा बाबांचं अर्धं खरं.

उरलेलं अर्धं 37 मध्ये. बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हक्कच नाही. शिवाय घरफोडीपुरता हा हक्क चोर घरात आहे तोवरच. कौलांवरून उडी टाकून तो माडांकडे धावत सुटला आणि तुम्ही पडवीतून बार काढलात, तर 41 मदतीला येत नाही. हातात कोयता घेऊन खोलीत आईच्या अंगावर आला, तर गोष्ट वेगळी. तिथे कोर्ट सोन्याच्या तराजूत तोलत बसत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हल्ला होत असलेला माणूस प्रत्येक वार मोजून करील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

हक्काची मर्यादा ओलांडली गेली, पण हेतू प्रामाणिक होता आणि आधी काही ठरवलेलं नव्हतं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. म्हणून म्हणतो, "परत आला तर घालतोच" हे बाबांनी तिठ्यावर चहा पिताना चारचौघांत बोलू नये. ऐकणारेच उद्या साक्षीदार होतात.

काजूच्या बियांसाठी जीव घेता येत नाही. ती साधी चोरी. अडवा, धरा, गरजेपुरता दांडाही चालेल. चोरच कोयता घेऊन उलटला, तर मग प्रश्न बियांचा राहत नाही.

सत्तरीकर:
धन्यवाद. बाबा आता म्हणतात, बंदूक नको, रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. रानडुकरंही थांबतील.

डिचोलीचा वकील:
अजिबात नको. बंदुकीमागे निदान घाबरलेला माणूस असतो, बचावात ती भीती सांगता येते. तुम्ही झोपलेले असताना तारेला कोण चिकटलं, चोर की पहाटे काजूचे बोंडू वेचायला आलेली शेजारची बाई, हे तार बघत नाही. रास्त भीती कुणाची दाखवणार? वीजचोरीचा गुन्हा वर लागेल तो वेगळाच. पडवीला आतून लोखंडी जाळी मारा, मागे दिवा लावा, परवाच्या प्रकाराची लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आणि 112 आजीच्या फोनमध्येही घालून ठेवा.

पेडणेकर_दादा:
जाळीवाला डिचोलीत आहे एक, नंबर खाजगीत देतो.