मदत हवी आहे: गाडीशिवाय सासू-सासऱ्यांना इंग्लंड कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

आधी थोडी पार्श्वभूमी, कंटाळा आला तर सरळ खालच्या प्रश्नांवर जा. सोळा वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला काढली, लेक तिथेच झाली, पासपोर्टवर गरुड आला आणि गेल्या जूनमध्ये नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला उचलून इंग्लंडमध्ये रेडिंगला आणून ठेवलं. गंमत म्हणजे तिकडे सोळा वर्षं मी इंडियन होते, इथे तोंड उघडलं की शेजारच्या आजी म्हणतात "तुम्ही अमेरिकन ना?" मी पण आता हो म्हणून मोकळी होते, उगाच किती सांगत बसायचं.

आणि सवयींनी मी अमेरिकनच आहे हो. तिकडे कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढायची, इथेही वर्षभर तेच केलं. आता गोची अशी की अमेरिकन लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, अदलाबदल होत नाही, भारतातून नवीन आल्यासारखं प्रोव्हिजनल, थिअरी, प्रॅक्टिकल सगळं पहिल्यापासून. थिअरी पास झाले, प्रॅक्टिकलची तारीख मिळालीय सप्टेंबरची. नवऱ्याचंही तसंच, तोही माझ्याबरोबरच आला. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची दोघांची लायसन्सं बाद आणि १५ जूनला साताऱ्याहून सासू-सासरे सहा आठवड्यांसाठी दारात. टायमिंग बघा.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वय ७६, पण अजून अजिंक्यताऱ्यावर चढून येतात. आईंचे दोन्ही गुडघे गेलेत, अर्धा तास चालल्या की बाक शोधतात. दोघांचा व्हिजिटर व्हिसा आलाय, तिकिटं झालीत, फक्त मी तयार नाही.

वर्षभर एकटीने किंवा लेकीला घेऊन बरंच फिरले, पण अक्कल प्रत्येक वेळी पैसे मोजून आलीय. विंडसर कॅसल मंगळवारी-बुधवारी बंद असतो हे मला गेटासमोर उभं राहून कळलं. एका गावात पार्किंगच्या ॲपमध्ये जागेचा नंबर एक आकडा चुकीचा टाकला, म्हणजे पैसे भरले पण पलीकडच्या पार्किंगचे, आणि दहा दिवसांनी घरी पाकीट, आत माझ्याच गाडीचा फोटो आणि दंड. १४ दिवसांत भरला म्हणून निम्म्यावर सुटले. पबमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा पंचवीस मिनिटं मेन्यू चाळत बसले, कोणी विचारायलाच येईना, मला वाटलं आपला रंग बघून टाळतायत की काय, मनातल्या मनात भांडणाची तयारी पण झाली होती, शेवटी शेजारच्या काकांनी सांगितलं की बाई टेबल नंबर लक्षात ठेव आणि काउंटरवर जाऊन सांग. आणि टिप? ठेवू गेले तर पोरगा माझ्याकडेच बघत राहिला.

पण इथली एक गोष्ट मला भयंकर आवडली, ती म्हणजे पब्लिक फुटपाथ. तिकडे कुणाच्या शेताच्या कडेला गाडी थांबवली तरी पाटी असते, आत याल तर बघा. इथे रस्त्याकडेला हिरवी पाटी असते आणि बाण चक्क उभ्या गव्हात शिरतो! मी पहिल्यांदा दहा मिनिटं नुसती उभी होते. मग एक म्हातारं जोडपं कुत्रं घेऊन सरळ आत गेलं, त्यांच्या मागोमाग मी. कंबरेएवढ्या गव्हात हातभर रुंदीची वाट मोकळी ठेवलेली, ती ठेवायची जबाबदारी शेतकऱ्याचीच, पुढे लाकडी खांबावर पिवळा बाण, मग फाटक, फाटकातून गाईंच्या कुरणात. गाई बघायला आल्या, मी जीव मुठीत धरून चालले. आता ऑर्डनन्स सर्व्हेचा केशरी कव्हरचा नकाशा पर्समध्येच असतो. बाबांना हे प्रचंड आवडेल. पण काही ठिकाणी फाटकाऐवजी कुंपणावर लाकडी पायरी ठोकलेली असते, पाय वर टाकून पलीकडे उतरायचं, ते आईंना या जन्मी जमणार नाही.

थेम्सकाठच्या रनिमीडलाही हाच घोटाळा. तिथे केनेडींच्या स्मारकाची एक एकर जमीन ब्रिटिशांनी अमेरिकेला देऊन टाकलीय, १९६५ सालचं स्मारक आहे. लेक म्हणाली "आई, आपण घरी आलो." पण वर जायला ५० ओबडधोबड दगडी पायऱ्या, एकीसारखी दुसरी नाही. म्हणजे ते पण कटाप.

तर प्रश्न:

१) स्टोनहेंज बसतंच डोक्यात सगळ्यांच्या. रेडिंगहून गाडीशिवाय जमतं का, आणि आईंना किती चालावं लागेल?

२) नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज यात नक्की फरक काय, कुठलं कार्ड काढू? मी वर्षभर हे दोन्ही एकच समजत होते, हसू नका.

३) ट्रेनची तिकिटं. मधल्या वारी मी आणि ते दोघं असे तिघं, शनिवारी नवरा धरून चौघं. रेलकार्डांची (म्हणजे तिकिटावर सूट देणाऱ्या कार्डांची) यादी वाचून डोकं गरगरलं.

४) बाबांना म्हटलं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियममध्ये वाघनखं बघू, तर म्हणतात "ती तर २०२४ मध्ये साताऱ्यातच आली होती, त्यासाठी विमानात कशाला बसू?" बरोबरच आहे म्हणा. तर त्यांना खरोखर आवडेल असं काहीतरी सुचवा. लंडन आय नको.

---

चहाबाज:

ताई, तीन नंबरचं आधी. तिघं किंवा जास्त जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह बघा, ३ ते ९ जणांना ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून) तिकिटावर एक तृतीयांश सूट, कार्डबिर्ड काही लागत नाही, बुकिंग करताना पर्याय दिसतो. तुमच्या भागातल्या गाड्यांवर चालतं. फक्त आई-बाबा दोघंच कुठे जाणार असतील तर सीनियर रेलकार्ड, वय ६० पूर्ण पाहिजे, भारतीय पासपोर्टवर निघतं. कार्ड असो वा ग्रुपसेव्ह, कामाच्या दिवशी साडेनऊनंतर निघा. रविवारी निघण्याआधी मात्र बघून घ्या, रुळांची कामं काढलेली असतात आणि ट्रेनऐवजी बस माथी मारतात, आईंचे हाल होतील.

स्टोनहेंज जमतं. रेडिंग ते बेसिंगस्टोक, तिथे गाडी बदलून सॉल्सबरी, स्टेशनाबाहेरूनच स्टोनहेंजची टूर बस. व्हिजिटर सेंटरपासून दगड दोन-अडीच किलोमीटर लांब आहेत पण शटल बस सोडते. दगडांना हात लावता येत नाही, लांबूनच फेरी मारायची, हे घरी आधीच सांगून ठेवा. माझे वडील "एवढ्यासाठी?" म्हणाले होते. त्यांना आवडलं सॉल्सबरीचं कॅथेड्रल, १२३ मीटरचा मनोरा, ब्रिटनमधल्या चर्चांत सर्वांत उंच, आणि आत १२१५ च्या मॅग्ना कार्टाची (राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेची) प्रत. आत बसायला खुर्च्याच खुर्च्या, त्यामुळे आई पण खूश.

दगडफूल:

अगं हसत नाही, सगळ्यांचंच होतं. ट्रस्टकडे जास्त करून हवेल्या, बागा, समुद्रकिनारे. हेरिटेजकडे किल्ले, मठांचे अवशेष, पडक्या भिंती. स्टोनहेंज हेरिटेज चालवतं, पण आजूबाजूची जमीन ट्रस्टची, म्हणून इंग्लंडच्या ट्रस्टच्या मेंबरला तिथे फुकट. स्लॉट तेवढा आधी बुक कर. तू ट्रस्टचं घे. आई-बाबांना वाटलं तर हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांचा पास मिळतो, ९ किंवा १६ दिवसांचा, पण सहा आठवडे निवांत राहणार असतील तर मला तरी तो उगाच धावपळीचा वाटतो.

तुझ्या जवळच बेसिल्डन पार्क आहे, पॅंगबर्न स्टेशनवरून टॅक्सी कर. बंगालात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गबर झालेल्या फ्रान्सिस साइक्सने बांधलेला वाडा, बाबांना सांग की हे आपलेच पैसे बघायला आलोय. मोठ्या बागांमधून मोबिलिटी स्कूटर मिळते बऱ्याच ठिकाणी, आदल्या दिवशी फोन करून ठेव. आणि रेडिंग, पॅडिंग्टन अशा मोठ्या स्टेशनांवरची टॉयलेट्स आता फुकट आहेत. आपल्या आयांबरोबर फिरताना ही माहिती वाघनखांपेक्षा महत्त्वाची.

नांगरधारी:

बाबा पाटबंधाऱ्यातले म्हणताय आणि अजून कोणी विहीर सुचवली नाही?? तुमच्यापासून साधारण नऊ मैलांवर स्टोक रो नावाचं खेडं आहे, तिथे काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे. रीड नावाचा त्याच भागातला साहेब आपल्याकडे नोकरीला होता, त्याने महाराजांना सांगितलं की आमच्या गावाकडे पाण्याची फार मारामार, महाराजांनी लक्षात ठेवलं आणि १८६४ मध्ये विहीर सुरू झाली. रुंदी फक्त ४ फूट आणि खोली ३६८ फूट, सगळी हाताने खणलेली. वर घुमट, रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. बघायला पैसे नाहीत. ट्वायफर्डला गाडी बदलून हेन्लीला जा, तिथून टॅक्सी, पाच-सहा मैल. हेन्लीत नदीकाठी बाकं भरपूर.

आणि लंडनला गेलात तर चॉक फार्म स्टेशनजवळ १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहायचे ते घर, महाराष्ट्र सरकारने घेऊन स्मारक केलंय.

---

धागाकर्ती:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! ग्रुपसेव्ह मला वर्षभरात कोणीच सांगितलं नव्हतं. काल व्हिडिओ कॉलवर बाबांना विहिरीचं सांगितलं. आधी म्हणाले ३६८ फूट हाताने? शक्य नाही. मग म्हणाले वरची माती कसली आहे, खडू की मुरूम? मग कागद-पेन घेऊन बसले, आई मागून ओरडत होत्या की जेवण गार होतंय. आज सकाळी मेसेज आलाय, स्टोनहेंज मागे ठेव, पहिल्या शनिवारी विहीर.

@नांगरधारी, हेन्लीला स्टेशनवर टॅक्सी उभ्या असतात की आधी बुक करावी लागेल? परतीचीही सांगा, तिकडे मोबाइलला रेंज असते ना?