बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: दोन अडचणी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाबांचा लॅपटॉप दहा वर्षं जुना, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा आधार (नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर चढत नाही. चांगलं चालणारं यंत्र भंगारात द्यायला जीव होत नाही, म्हणून लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिली. पडदा, आवाज, प्रिंटर, सगळं लागलं. वेगही छान वाटला.

पण वायफाय दिसतच नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं की नेट लगेच येतं. त्याच नेटवर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) घेता येईल का? की आधी इन्स्टॉलच करावं लागेल?

दुसरी अडचण माझ्या दृष्टीने मोठी. बाबा आयुष्यभर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर टाइप करत आले, बोटांना तीच सवय. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट सापडला, शिफ्ट धरून जे, मग डी आणि शेवटी य दाबून ‘दऱ्या’तला ऱ्यही नीट उमटला. मात्र त्यांचे जुने लेख युनिकोडपूर्व फाँटमधले (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) आहेत, ते उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. फाँटची टीटीएफ फाइल आमच्याकडे आहे. ती मिंटमध्ये टाकून लिब्रेऑफिसात (वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) हे लेख वाचता येतात का, कुणी करून पाहिलंय?

हे दोन्ही जमेपर्यंत मी विंडोज पुसणार नाही. बाबांचे वीस वर्षांचे लेख आहेत त्यात. बॅकअप कालच घेतला.