पेपर स्प्रे पर्समध्ये ठेवावा की नाही?

रातराणी:
परवा लिफ्टमध्ये किल्ली शोधता शोधता पर्समधल्या पेपर स्प्रेचं (मिरचीच्या फवाऱ्याचं) बटण माझ्याच हातून दाबलं गेलं. जेमतेम अर्धा सेकंद. मजला येईपर्यंत मी आणि सोबतच्या आजी खोकून खोकून बेजार. आजींना दमा आहे. त्यांच्या छातीतली ती शिट्टी अजून कानात वाजतेय. तेव्हापासून डबा कपाटात आहे. बंदिस्त जागेत हे हत्यार मारणारा कोण आणि झेलणारा कोण हे बघत नाही. आणि भीती वाटते त्या जागा तरी कुठल्या? लिफ्ट, जिना, गाडीच ना?

झुंझार:
सेफ्टी कॅच न लावता पर्समध्ये टाकलात, त्यात स्प्रेचा काय दोष? मिरचीतलं कॅप्सेसिन डोळ्यांतल्या, घशातल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ४३ अंश सेल्सिअसच्या वर चटका बसला की मेंदूला खबर देतो तो हाच. (तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.) भाजलेलं काहीच नसतं, पण शरीर आग लागल्यासारखं वागतं आणि पापण्या आपोआप मिटतात. समोरचा दुप्पट वजनाचा असला तरी. मला पळायला तेवढा वेळ पुरे.

तिरकस:
मिटतात, पण सगळ्यांच्या नाही. दारू चढलेला किंवा डोकं फिरलेला माणूस तसाच अंगावर येऊ शकतो. वारा तुमच्याकडे वाहत असेल तर आधी तुमचेच डोळे मिटणार. हातात डबा आहे म्हणून माणूस पळायचं सोडून उभा राहतो, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

झुंझार:
वाऱ्यासाठी सरळ धार मारणारे आणि जेलवाले प्रकार मिळतात. फवाऱ्याइतके ते उडत नाहीत. नेम मात्र धरावा लागतो, हे मान्य. आणि मारून तिथेच उभं राहा असं सांगितलं कुणी?

रात्रपाळी:
कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून मध्ये बोलते. स्प्रेपेक्षा चोळण्याने जास्त वाट लागते. डोळा चोळला की बुबुळावरचा पातळ पडदा खरवडला जातो, आणि कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर द्रव्य तिच्याखाली अडकून बसतं. लेन्स काढा आणि फेकून द्या, धुऊन परत घालू नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून लोक दूध ओततात. २००८ मध्ये एका चाचणीत दूध, बेबी शाम्पू, अँटासिड, बधिर करणारं लिडोकेन जेल आणि साधं पाणी यांची तुलना झाली. वेदना कमी करण्यात कुणीच पाण्याला मागे टाकलं नाही. वाहत्या पाण्याखाली डोळे उघडझाप करत राहा, मोकळ्या हवेत जा. दमेकऱ्याला मात्र घरी बसवून ठेवू नका, श्वासनळ्या आवळल्या जातात.

तिरकस:
बघा, दमेकरी तुमच्याच घरातला निघाला तर?

रातराणी:
आजी बऱ्या आहेत, पंपावर भागलं. पण आत्ता डबा काढून तारीख बघितली, तर मुदत कधीच संपलेली! मग एवढा त्रास कसा झाला?

झुंझार:
तिखटपणा लवकर जात नाही, आतला गॅस हळूहळू झिरपतो. दाब कमी झाला की धार लांब जात नाही. म्हणजे तो डबा तुमच्या लिफ्टपुरता चांगला होता, रस्त्यावर चार पावलांवरही पोचला नसता.

रातराणी:
म्हणजे आजींना पुरला, चोराला पुरला नसता.